अकरावा प्रश्न

तहसीन मुकादम, नेरूळच्या कॉलेजातली, शेवटच्या वर्षाची,
छत्तीस प्रश्नांचा कागद घेऊन आली दुपारी दोनला.
खारेगावच्या आमच्या गल्लीत दातांचे तीन दवाखाने, तिसरा माझा.
'सर, नाव लिहायचं नाही,' म्हणाली, 'नुसत्या खुणा करा.'

नेहमी. बहुतेकदा. कधीकधी. कधीच नाही.

पहिला: प्रत्येक पेशंटनंतर हातमोजे बदलता का?
नेहमी.
सातवा: दोन पेशंटच्या मध्ये ड्रिलमधून अर्धं मिनिट पाणी सोडता का?
नेहमी.
पेन इतकं सरावलं होतं त्या चौकटीला
की अर्धं मिनिट किती लांब असतं हेच विसरलो,
बाहेर बाकावर सहा जण गालाला रुमाल लावून बसलेले असताना.

अकरावा: हत्यारं निर्जंतुक झाल्याची खात्री कशी करता?

शुक्रवार होता. कळव्यात शुक्रवारी लाईट जाते,
दुरुस्तीसाठी, सांगून.
त्या दिवशी न सांगता गेली. ऑटोक्लेव्ह अजून चढतच होता.
आली तेव्हा खुर्चीत एक रिक्षावाला,
भूल दिलेली, ओठ लोंबता, रात्रभर जागा.
मी न बघता हात मागे केला, चिमट्यासाठी.
हातात काही आलं नाही.

गुलाब केणी. सतरा वर्षं माझ्याकडे. चौथी शिकलेली.
तिने पाकीट खिडकीशी धरलं,
चष्मा कपाळावरून खाली ओढला.
'रेघ काली नाय झाली, डाक्टर.'
थोडी झालीये, मी म्हणालो, करडी आहे बघा.
'थोडी काली?
थोडी ताजी कोलंबी घेता काय तुमी बाजारात?'
रिक्षावाला उघड्या तोंडाने
एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे.

मी चिडलो होतो. हे कुठल्या चौकटीत लिहू?
चाळीस मिनिटं बसवलं त्याला. भूल परत दिली.
रेघ काळीकुट्ट झाली तेव्हा दाढ निघाली.
त्याच्या रक्तात काय होतं मला माहीत नाही,
त्याच्या नंतरच्या बँकेतल्या साहेबांच्याही नाही.
चेहऱ्यावरून कळलं असतं
तर हा सगळा खटाटोप कशाला होता!

अकराव्यापुढे मी लिहिलं: बाईंना विचारून.
तहसीनने दोनदा वाचलं.
कुठल्या रकान्यात टाकावं, तिला कळेना.

चोविसावा: कावीळ 'ब'ची लस तुम्ही घेतली आहे का?
हो. तिन्ही डोस, कॉलेजात असतानाच.
कार्ड अजून आहे, प्लास्टिकच्या पाकिटात.

पंचविसावा: तुमच्या मदतनिसाने?

आतून नळाचा आवाज येत होता.
ती ब्रशने घासत होती आरसे, चिमटे, टोकदार प्रोब,
हातात जाड निळे मोजे, कोपरापर्यंतचे,
तिनेच मागून घेतलेले, मागच्या दिवाळीला, साडीऐवजी.
सुई टोचली होती तिला, दोनदा.
एकदा तर माझ्याच घाईने,
टोपण लावायला म्हणून उघडी दिली होती तिच्या हातात.
बोट नळाखाली धरून म्हणाली,
'बोईटाचा काटा यापेक्षा मोठा असतंय,'
आणि मी पुढच्याला आत बोलावलं.
रेघ बघणारी ती. तिच्याकडे बघणारं कोणी नव्हतं.
तीन डोसांचे पैसे
एका दातावरच्या कॅपपेक्षा कमी.

कधीच नाही, अशी खूण केली.
हात थरथरला नाही. थरथरायला हवा होता.

'सर, पुढचे राहिले,' तहसीन म्हणाली.
थांब जरा, म्हणालो, आणि आत गेलो.
गुलाबताई, हात पुसा. समोरच्या डॉक्टरांकडे जायचंय, लस घ्यायला.
'मना? सुई?'
ती बेसिनला टेकली, मोजे तसेच, पाणी गळत.
'नको बा. मना सुईचा जाम भ्या वाटतं.'

बाहेर तहसीन वाट बघून गेली.
माझी अकरा उत्तरं कोरीच नेरूळला पोचली.